पुरुषांच्या छातीची वाढ : लाज नको, घाईही नको

गेल्या पावसाळ्यात रोपलावणीच्या दिवसांत आम्ही आमच्याच धर्मग्रामातील एका शेतावर गेलो होतो. चिखलात उतरलेले सारे गडी उघड्या अंगाने काम करीत होते. सतरा वर्षांचा एक मुलगा तेवढा आत घट्ट बनियन आणि वर जाड सदरा घालून, घामाने व पावसाने ओलाचिंब होऊन रोपे लावीत होता. आम्ही विचारले, "बाळा, सदरा का काढीत नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "थंडी वाजते."

पुढे त्याच्या आईकडून खरे कारण कळले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा मुलगा दर रविवारी मिस्सेला वेदीसेवा करीत असे. एके दिवशी साक्रिस्तीत झगा चढवताना सोबतच्या मुलांनी त्याच्या छातीकडे बोट दाखवले आणि त्याला बाईचे नाव ठेवले. त्या दिवसापासून त्याने वेदी सोडली. मग फुटबॉल सोडला, नदीवर पोहायला जाणे सोडले. आता तो शाळाही सोडण्याच्या बेतात आहे.

याच वर्षातली दुसरी गोष्ट. साठी गाठलेल्या एका शेतकरी बांधवाच्या डाव्या स्तनाग्राखाली सुपारीएवढी कठीण गाठ आली होती. 'पुरुषाच्या छातीचे दुखणे कोणाला सांगायचे?' म्हणून त्याने ती दीड-दोन वर्षे लपवली. अखेर सदऱ्यावर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा बायकोने हात धरून त्याला इस्पितळात नेले. तो कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, तो आपल्यात आहे, याबद्दल देवाचे आभार. पण आधी आला असता तर उपचार पुष्कळ सोपे झाले असते, असे डॉक्टरांनी सांगितले.

दोघांचे दुखणे वेगळे, पण दोघांना गप्प बसवणारी लाज एकच. म्हणून या पानावर भातावरील करपा आणि गुरांची लाळ-खुरकत यांच्या जोडीला आज आम्ही हा विषय घेत आहोत. काही वाचकांना तो चर्चच्या पत्रिकेत शोभणारा वाटणार नाही. आमचे मत असे, की ज्या गोष्टीमुळे एक मुलगा वेदीपासून दूर गेला, ती गोष्ट चर्चच्या पत्रिकेतच बोलली पाहिजे.

हे आहे तरी काय?

पुरुषाच्या छातीतही थोडी स्तनग्रंथी असते. पुरुषाच्या शरीरात पुरुषी संप्रेरक जास्त आणि स्त्री-संप्रेरक थोडे, असा तोल देवाने घातलेला आहे. हा तोल काही कारणाने ढळला, म्हणजे ती ग्रंथी वाढू लागते. स्तनाग्रामागे रबरासारखी, हलणारी, कधी दुखणारी चकती हाताला लागते. एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना असे होऊ शकते. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. यात पुरुषाचे पुरुषपण जात नाही आणि तो बाई होत नाही. ज्याला हे होते त्याच्या चालचलणुकीचा याच्याशी काही संबंध नाही.

नुसती चरबी साठून छाती लोंबते, ती गोष्ट वेगळी. तिथे ग्रंथीची चकती हाताला लागत नाही, सारे मऊ लागते. अशा माणसाने वजन उतरवले तर बराच फरक पडतो. ग्रंथीची वाढ मात्र दंड-बैठकांनी जात नाही. तेव्हा मुलाला 'व्यायाम कर, जाईल' असे सांगण्यापूर्वी, आहे काय ते आधी तपासून घ्यावे.

आयुष्यात तीन वेळा ही वाढ आपोआप होते, आणि ती रोग नव्हे. पहिली वेळ जन्मानंतरची. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती फुगते, मग तो मुलगा असो की मुलगी. कधी दुधासारखे थेंबही येतात. काही आठवड्यांत ते आपोआप ओसरते. आपल्याकडे सुईणी व आज्या ते 'दूध' पिळून काढतात. मायबहिणींनो, असे कृपा करून करू नका. पिळल्याने तिथे पू होतो आणि बाळाला ताप चढतो.

दुसरी वेळ वयात येण्याची. तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास जवळजवळ निम्म्या मुलांना कमीअधिक प्रमाणात हे होते, आणि बहुतेकांचे सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. तिसरी वेळ पन्नाशीनंतरची. तेव्हा पुरुषी संप्रेरक कमी होऊ लागते आणि अंगावर चरबी वाढते.

कारण आधी शोधावे

पान पिवळे पडले म्हणून कोणी शहाणा शेतकरी पाने खुडत बसत नाही. तो मुळाशी पाणी तुंबले आहे का, कीड आहे का, खत कमी पडले का, हे पाहतो. छातीच्या वाढीचेही तसेच आहे. शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे.

काही औषधांनी हे होते. हृदयाच्या दुखण्यात व पोटात पाणी झाल्यावर दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, जुने आम्लपित्ताचे औषध सिमेटिडीन, बुरशीवरील किटोकोनॅझोल, प्रोस्टेटची काही औषधे आणि मनोविकारावरील काही गोळ्या ही त्यांतली नावे. क्षयावरील आयसोनियाझिडनेही क्वचित होते. पण म्हणून कोणी आपल्या मनाने औषध थांबवू नये. क्षयाचे तर मुळीच नाही. डॉक्टरांना सांगावे, ते पर्याय पाहतील.

दारूचे कारण आम्हाला निराळे सांगावेसे वाटते. बरीच वर्षे दारू पिऊन यकृत निकामी झाले, की संप्रेरकांचा तोल ढळतो, वृषणे आक्रसतात आणि छाती वाढते. हुर्राक असो, फेणी असो की सरकारमान्य दुकानातली बाटली असो, यकृताला सारी सारखीच. अशा वेळी छाती ही निशाणी आहे, खरे दुखणे यकृतात आहे. मूत्रपिंड निकामी होणे, थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक, वृषणाची गाठ, जन्मजात क्लाइनफेल्टर विकार आणि कुष्ठरोगाने वृषणांना झालेली इजा हीदेखील कारणे आहेत. शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळेत स्टिरॉइडची सुई टोचून घेणाऱ्या जवानांनाही हे होते. छाती रुंद करायला जावे आणि नको तसली वाढून यावी, असा हा उलटा व्यवहार आहे.

शेतकऱ्यांना फवारणीची शंका येईल. ती रास्त आहे. काही कीटकनाशके पुरुषी संप्रेरकाच्या कामात आडवी येतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. डीडीटी शरीरात गेल्यावर त्याचे जे रूपांतर होते, ते त्यांपैकीच एक. आपल्या देशात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला. १९८१-८२ साली हैतीहून अमेरिकेत आलेल्या व तिथे छावण्यांत ठेवलेल्या अनेक पुरुषांची छाती वाढली होती. तेव्हा उवा मारण्याच्या फेनोथ्रिन या औषधावर संशय गेला. यावरून फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला हे होते असे म्हणता येणार नाही. पण तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा आणि घरी येताच आंघोळ हे नियम पाळायला आणखी एक कारण मिळाले, असे समजावे.

आता गावातला एक समज. 'म्हशीला पान्हा सोडण्याची सुई देतात, ते दूध पिऊन पोरांच्या छात्या वाढतात.' ती सुई ऑक्सिटोसिनची. ऑक्सिटोसिन हे स्त्रीपणाची लक्षणे आणणारे संप्रेरक नव्हे, आणि ते पोटात गेले तर अन्नासारखे पचून जाते. त्यामुळे मुलाच्या छातीचा दोष दुधावर घालू नये. मात्र ती सुई जनावराचा छळ आहे. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला अपाय करणारी सुई देणे १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. ख्रिस्ती शेतकऱ्याच्या गोठ्यात ती असू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तेरा-पंधरा वर्षांच्या मुलाला थोडी, मऊ, दोन्हीकडे सारखी वाढ असेल, तर एकदा डॉक्टरांना दाखवून धीराने वाट पाहावी. पण पुढील गोष्टी दिसल्यास एक आठवडाही दवडू नये : गाठ दगडासारखी कठीण आहे, स्तनाग्राच्या मधोमध नसून बाजूला आहे, स्तनाग्रातून रक्त येते, कातडी आत ओढली जाते, काखेत गाठ लागते, किंवा वृषणात गाठ वा जडपणा जाणवतो. स्तनाचा कर्करोग असलेल्या दर शंभर जणांत साधारण एक पुरुष असतो. थोडे असले तरी ते कोणाचे तरी वडील आहेत.

डॉक्टर छाती व वृषणे तपासतात, रक्तातून यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि संप्रेरके पाहतात. जरूर वाटली तर सोनोग्राफी करतात व सुईने गाठीचा तुकडा काढून तपासतात. वाढ नवी व दुखरी असेल तर कधी गोळ्यांनी उतरते. पण वर्ष उलटून गेले, की ग्रंथीची जागा तंतुमय, चिवट होते, आणि मग गोळ्यांचा उपयोग होत नाही. बाजारातली मलमे, मालिशची तेले आणि 'खात्रीशीर' पुड्या यांवर पैसा घालवणे म्हणजे खडकावर बी पेरणे होय.

शस्त्रक्रिया

ही शस्त्रक्रिया आजकालच्या फॅशनने आणलेली नाही. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य एजिनाचा पौल याने आपल्या ग्रंथात पुरुषांच्या वाढलेल्या छातीविषयी लिहिले आहे. छातीखाली चंद्रकोरीसारखा छेद घेऊन आतला भाग काढावा आणि टाके घालावेत, असे तो सांगतो. म्हणजे हे दुःख आणि त्यावरचा उपाय, दोन्ही तेराशे वर्षांहून जुने आहेत. १९४६ साली वेबस्टर या अमेरिकन शल्यविशारदाने स्तनाग्राभोवतीच्या काळ्या कडेवर अर्धगोल छेद घेण्याची रीत मांडली. त्या कडेत व्रण लपून जातो. आजही बहुतेक ठिकाणी तीच रीत मुळाशी आहे. १९८० नंतरच्या काळात नळीने चरबी ओढून काढण्याची पद्धत तिच्या जोडीला आली. चरबी नळीने निघते, पण चिवट ग्रंथी बहुधा सुरीनेच काढावी लागते.

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन करतात, लहान वाढ असल्यास जागा बधिर करूनही होते. स्तनाग्राखाली ग्रंथीचा थोडा थर मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथे बशीसारखा खळगा पडतो. आत रक्त-पाणी साचू नये म्हणून कधी एक बारीक नळी ठेवतात, जसा आपण शेतात पाणी तुंबू नये म्हणून चर काढतो. काढलेला भाग तपासणीला पाठवावा, हे आपणही डॉक्टरांना विचारून घ्यावे. पुढे काही आठवडे छातीवर घट्ट पट्टा किंवा बंडी वापरावी लागते.

हलके काम आठवड्याभरात करता येते. पण नांगर, पोती, भारे, पाण्याचे हंडे यांना चार ते सहा आठवडे हात लावू नये. म्हणून तातडी नसेल तर शेतकऱ्याने लावणी आणि कापणी सोडून मधला काळ निवडावा. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी तेवढे दिवस त्याचे काम वाटून घ्यावे.

धोकेही सांगितले पाहिजेत. आत रक्त साचणे हा सुरुवातीचा नेहमीचा त्रास, क्वचित पुन्हा उघडून ते काढावे लागते. पाणी साचणे, पू होणे, स्तनाग्र बधिर होणे, दोन्ही बाजू कमीजास्त दिसणे, व्रण जाड होणे हेही घडू शकते. फार मोठी वाढ असेल तर जादा कातडी काढावी लागते व व्रण मोठा राहतो. आणि मूळ कारण तसेच राहिले, म्हणजे दारू चालूच, स्टिरॉइडची सुई चालूच, तर वाढ परत येऊ शकते. तण कापले आणि मूळ ठेवले तर पुढच्या पावसात काय होते, ते शेतकऱ्याला आम्ही सांगायला नको.

हा देहाचा डौल आहे काय?

आता आमच्या मताचा मुख्य भाग. आमच्यातले काही वडीलधारे म्हणतात, "देवाने दिले तसे राहावे. छाती कापून घेणे हा डौल आहे." त्यांच्या श्रद्धेचा आम्हाला आदर आहे, पण हे म्हणणे आम्हाला पटत नाही. तुटलेला ओठ घेऊन जन्मलेल्या बाळाचा ओठ आपण शिवून घेतो, तेव्हा देवाच्या इच्छेविरुद्ध वागलो असे कोणी म्हणत नाही. बेन सिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण वैद्यालाही देवानेच नेमले आहे.

पोप बारावे पायस यांनी आपल्या मृत्यूच्या पाच दिवस आधी, ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, इटलीतील प्लास्टिक शल्यविशारदांपुढे या विषयावर भाषण केले. शरीराचे रूप सुधारणारी शस्त्रक्रिया स्वतः वाईट नाही, तिच्यामागचा हेतू आणि तिची परिस्थिती पाहावी, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय होता. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात जीवन आणि आरोग्य ही देवाने सोपवलेली देणगी मानली आहे, आणि त्याच ठिकाणी देहाची पूजा करण्याविरुद्ध इशाराही आहे. या दोन्ही गोष्टी आम्ही एकत्र धरतो.

म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला, जे आपोआप जाणार आहे त्यासाठी घाईने शस्त्रक्रियेला नेणे आम्हाला मान्य नाही. सिनेमातल्या नटासारखी छाती हवी म्हणून सावकाराचे पैसे काढणेही मान्य नाही. पण ज्या जवानाची वाढ पूर्ण झाली आहे, ज्याची ग्रंथी दोन वर्षांहून अधिक काळ राहिली आहे, जो तिच्यामुळे दुखण्याने वा लाजेने माणसांतून उठला आहे, त्याने पूर्ण तपासणीनंतर शस्त्रक्रिया करून घेतली, तर तो उपचार आहे. त्याला कुमसारात सांगण्याजोगे त्यात काही नाही. कुमसारात जायचे असेल तर त्याला चिडवणाऱ्यांनी जावे.

पैशाबद्दल दोन शब्द. खासगी इस्पितळांच्या जाहिराती पाहून शेत गहाण टाकू नका. आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागात दाखवा. गोव्यातल्या बांधवांना बांबोळीचे इस्पितळ जवळ आहे, सीमाभागातल्यांना बेळगावचे जिल्हा इस्पितळ. प्लास्टिक सर्जनची गरज असेल तर तिथूनच पुढे पाठवतील. विमा योजना पुष्कळदा याला सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणून वगळतात, तेव्हा खर्च भरून निघेल असे गृहीत धरून दाखल होऊ नये, आधी लेखी विचारून घ्यावे. आणि डॉक्टर पदवीधर शल्यविशारद आहे की नाही, हे विचारायला कचरू नये. बैल घेताना आपण दात मोजतो, इथे तर मुलाचा जीव आहे.

आम्ही काय करावे?

आईबापांनी मुलाला एकट्याला बोलवावे आणि सांगावे, "हे पुष्कळांना होते, तुझा दोष नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊ." एवढे एक वाक्य अर्धे औषध आहे. वेदीसेवकांचे व तरुणसंघाचे जे पुढारी आहेत, त्यांनी अंगावरून होणारी थट्टा पहिल्याच दिवशी थांबवावी. संत पौलाने शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, ते सुडौल शरीरांपुरते नाही. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बांधवांनी महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी छातीवरून व काखेतून हात फिरवून पाहावा. स्तनाच्या दुखण्यात आपण संत अगाथाला विनंती करतो, तिचा सण ५ फेब्रुवारीला येतो. ती फक्त बायकांची कैवारी आहे असे कोठेही लिहिलेले नाही.

त्या मुलाला आता डॉक्टरांनी तपासले आहे. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. वर्षभर पाहू, मग ठरवू, असे सांगितले आहे. शस्त्रक्रिया होईल की नाही ते पुढे कळेल. पण त्याच्यासाठी एक गोष्ट आजच करता येते, आणि तिला भूल लागत नाही की पैसा लागत नाही. येत्या रविवारी साक्रिस्तीत त्याचा झगा खुंटीवर टांगून ठेवू या. त्याच्या जुन्या सोबत्यांपैकी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणावे, आणि आधी क्षमा मागावी.